घरांतील पाणी तापविण्याच्या यंत्राची निगा

विहिरीवरील मोटारीचा आवाज किंचित् बदलला तरी आपल्या शेतकऱ्याच्या तें तत्काळ ध्यानांत येतें. बैलानें वैरण टाकली, विहिरीचें पाणी हातभर उतरलें, फवारणीच्या पंपाचें तोंड तुंबलें, ह्या गोष्टी त्यास कोणी सांगाव्या लागत नाहींत. परंतु त्याच शेतकऱ्याच्या न्हाणीघरांत भिंतीवर टांगलेलें पाणी तापविण्याचें यंत्र, ज्यास सर्वत्र गीझर म्हणतात, तें मात्र बसविल्या दिवसापासून बंद पडेपर्यंत कोणी तपासून पाहत नाहीं. पुष्कळ वर्षें टिकावयाची वस्तु थोडक्याच काळांत गळूं लागते, आणि मग दोष दुकानदारास, मिस्त्रीस किंवा नशिबास देण्यांत येतो. आमच्या मतें दोष बहुधा निगेच्या अभावाचा असतो. आणि ही निगा वर्षांतून दोन वेळां थोड्या श्रमानें होण्यासारखी आहे. प्रश्न केवळ यंत्राच्या किंमतीचा असता तर आम्हीं वाचकांचा वेळ घेतला नसता. परंतु बंद टाकींत पाणी तापविणें हें काम असें आहे कीं, त्यांतील हयगय प्रसंगीं जिवावर बेतते. म्हणून हा विषय शेतकरी बंधूंपुढें जरा विस्तारानें मांडीत आहों.

बंब आणि गीझर

तांब्याचा बंब पुष्कळ घरांत अद्याप आहे, व ज्यांच्या घरीं नाहीं त्यांच्याही तो आठवणींत आहे. मधोमध उभा नळ, खालीं जाळी, जाळीवर ढलप्या, तुराट्या किंवा कपाशीच्या पऱ्हाट्या, आणि नळाभोंवतीं पाणी, अशी त्याची साधी रचना. हा बंब आपलें दुखणें स्वतःच सांगत असे. राख सांचली म्हणजे तो धुमसे. नळास काजळी धरली म्हणजे पाणी तापण्यास उशीर लागे. झाळलेला सांधा सुटला म्हणजे निखाऱ्यावर थेंब पडून चुरचुर ऐकूं येई. त्याचें झांकण सैल असल्यामुळें वाफेस वाट मोकळी होती. पाणी न घालतां जाळ केला तर सांधे वितळत, हें घरांतील पोरासही ठाऊक होतें.

गीझर हें नांव मूळचें आइसलंड बेटांतील उष्ण पाण्याच्या एका कारंज्याचें. सन १८६८ मध्यें लंडन येथील बेंजामिन वॉडी मॉन ह्या गृहस्थानें गॅसवर पाणी तापविणारें यंत्र काढून त्यास हें नांव दिलें, व तें पुढें अशा सर्व यंत्रांस चिकटलें. आपल्याकडील विजेच्या गीझरांत एक बंद टाकी असते. टाकींत तापणारी कॉइल, पाणी ठराविक उष्णतेवर आल्यास वीज तोडणारा थर्मोस्टॅट, टाकीभोंवतीं उष्णता राखणारें आवरण, आणि त्यावर गुळगुळीत पत्र्याचें किंवा प्लॅस्टिकचें कवच. लाल दिवा लागतो व विझतो, एवढीच काय ती ह्या यंत्राची भाषा. आंत चुन्याचा थर चढला, टाकीस गंज धरला, झडप चिकटली, तरी दिवा पूर्वीप्रमाणेंच लागतो. बंब न बोलावतां बोलत असे. गीझर विचारल्याखेरीज बोलत नाहीं. म्हणून त्यास नेमल्या दिवशीं जाऊन विचारलें पाहिजे. ह्या लेखाचें सार एवढेंच आहे.

पाण्यांतील चुना

पावसाचें पाणी हवेंतील व मातींतील कार्बनडायॉक्साइड वायु घेऊन जमिनींत मुरतें, आणि खडकांतील चुना त्यांत विरघळतो. असें पाणी तापविलें म्हणजे तो वायु निघून जातो व विरघळलेला चुना पुनः घट्ट होऊन भांड्यास चिकटतो. पाणी तापविण्याच्या हंड्यांत जो पांढरट पापुद्रा धरतो तो हाच. देशावरील काळ्या दगडांतील विहिरींचें, विशेषतः खोल बोअरचें पाणी पुष्कळ ठिकाणीं जड असतें. कोंकणांतील जांभ्या दगडांतील पाणी सामान्यतः हलकें व किंचित् आम्ल असतें. तेथें थर कमी धरतो, परंतु धातु अधिक खाल्ली जाते. तेव्हां आपल्या पाण्याचा गुण कळल्याखेरीज निगेची रीत ठरवितां येत नाहीं.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकांत जडपणाची इष्ट मर्यादा लिटरास २०० मिलिग्रॅम, आणि दुसरें पाणीच नसल्यास ६०० मिलिग्रॅम धरलेली आहे. आतां ४०० मिलिग्रॅम जडपणाचें पाणी घेऊन हिशेब करून पाहूं. घरांत रोज १०० लिटर ऊन पाणी लागलें तर वर्षास ३६,५०० लिटर होतें, आणि त्याबरोबर १४ किलो ६०० ग्रॅम क्षार टाकींतून जातो. त्याचा शंभरावा हिस्सा मागें राहिला तरी वर्षाकाठीं १४६ ग्रॅम, म्हणजे पांच वर्षांत पाऊण किलोच्या जवळपास भरणा टाकींत बसतो. ज्यांनीं ठिबकाच्या तोट्या क्षारानें बुजलेल्या पाहिल्या आहेत त्यांस हा हिशेब पटण्यास वेळ लागूं नये.

येथें एक सामान्य समज दुरुस्त केला पाहिजे. थर चढल्यानें विजेच्या गीझरास वीज दुप्पट लागते असें कित्येक म्हणतात, तें खरें नव्हे. कॉइल पाण्यांतच बुडालेली असल्यामुळें तिची उष्णता अखेर पाण्यांतच जाते. परंतु थराच्या पांघरुणामुळें ती उष्णता वेळेवर बाहेर पडत नाहीं, कॉइल स्वतः फाजील तापते आणि तडकते. थर्मोस्टॅटची नळी थरानें माखली तर त्यास पाण्याची खरी उष्णता कळत नाहीं. बंब, गॅसचें यंत्र व सौरयंत्र ह्यांत मात्र उष्णता धातूच्या किंवा कांचेच्या भिंतींतून पाण्यास मिळत असल्यानें थरामुळें जळण किंवा ऊन प्रत्यक्ष वायां जातें.

थर बसल्याच्या खुणा दोन. पाणी तापत असतां डाळ शिजल्यासारखा खदखद आवाज येतो, आणि तोटींतून पांढरी कचकच येऊं लागते. पाणी उशिरां तापणें ही खूण मात्र जपून घ्यावी. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास सुमारें १.१६ युनिट वीज लागते. २००० वॅटच्या कॉइलीस त्याकरितां सुमारें ३५ मिनिटें पुरतात. परंतु हें २३० व्होल्टच्या दाबास खरें. दाब १८० वर उतरला तर कॉइलीची शक्ति सुमारें सहा-दशांश राहते, व तेंच पाणी तापण्यास ५७ मिनिटें लागतात. कमी दाबानें मोटारीची काय अवस्था होते हें आपण जाणतोंच. म्हणून मिस्त्रीस बोलावण्यापूर्वीं दाब पाहावा.

टाकी धुण्याची रीत

प्रथम मुख्य खटका बंद करावा व पाणी पूर्ण निवूं द्यावें. थंड पाण्याची चावी बंद करावी. ऊन पाण्याची तोटी उघडी ठेवावी, म्हणजे टाकींत हवा शिरेल. नंतर सुरक्षा-झडपेची दांडी उचलून, अगर खालीं निराळें बूच असल्यास तें काढून, पाणी बादलींत सोडावें. पहिली बादली निवळूं द्यावी. तळाशीं काय बसतें त्यावरून टाकीच्या पोटांतील स्थिति कळते. थंड पाणी पुनः दोन-तीन वेळां घेऊन सोडावें, व स्वच्छ येऊं लागल्यावर थांबावें. शेवटीं टाकी भरावी, आणि ऊन पाण्याच्या तोटींतून अखंड धार पडूं लागल्यावरच वीज लावावी. रिकाम्या टाकींत वीज लावणें म्हणजे कोरड्या बंबांत जाळ करणें होय. कॉइल पांच-दहा मिनिटांतही जळूं शकते.

कॉइलीवर जाड थर असेल तर ती मिस्त्रीकडून काढवावी. तिचें धातूचें अंग तेवढें बुडेल अशा बेतानें एक लिटर कोमट पाण्यांत ५० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून त्यांत ठेवावें. विजेचीं टोंकें भिजूं देऊं नयेत. फेस येणें थांबल्यावर स्वच्छ पाण्यानें धुवावी. हातोडीनें ठोकूं नये, व संडास धुण्याचें तीव्र ॲसिड तर मुळींच वापरूं नये. तें थराबरोबर धातूसही खातें. परत बसवितांना रबराची चकती नवी घालावी. चकतीच्या दोन पैशांकडे पाहिल्यानें टाकी ठिबकूं लागते.

कामास येणारा दांडा

पुष्कळ गीझरांच्या टाक्या पोलादाच्या असून त्यांस आंतून कांचेचा मुलामा असतो. मुलाम्यास बारीक भेग पडली कीं तेथें गंज धरतो. तें टाळण्यासाठीं आंत मॅग्नेशियमचा एक दांडा बसविलेला असतो. दोन निरनिराळ्या धातु एकाच पाण्यांत परस्परांस जोडल्या असतां अधिक चपळ धातु आधीं झिजते व दुसरी वांचते, ह्या नियमाचा हा उपयोग आहे. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यानें सन १८२४ मध्यें आरमारी जहाजांच्या तळांवरील तांब्याचा पत्रा समुद्राच्या पाण्यानें झिजूं नये म्हणून त्यास जस्ताचे व लोखंडाचे तुकडे जोडण्याची युक्ति सुचविली होती. तांबें वांचलें; परंतु तांब्याचा अंश पाण्यांत उतरेनासा झाल्यामुळें तळांस शेवाळ व शिंपले चिकटूं लागले, आणि जहाजांसाठीं ती युक्ति सोडावी लागली. बंद टाकींत शिंपल्यांचें भय नाहीं. तेथें तीच युक्ति उत्तम चालते.

हा दांडा झिजण्यासाठींच आहे. तो झिजला म्हणजे टाकी वांचली असें समजावें. परंतु तो संपल्यावर झिजण्याची पाळी टाकीची येते, आणि टाकी बदलणें म्हणजे बहुधा यंत्रच बदलणें होय. म्हणून वर्षांतून एकदां कॉइलीबरोबर दांडा काढवून पाहावा, व निम्म्याहून अधिक झिजला असल्यास नवा घालावा.

झडप: सर्वांत महत्त्वाची गोष्ट

२० अंशांचें पाणी ६० अंशांपर्यंत तापलें म्हणजे तें सुमारें दीड टक्का फुगतें. २५ लिटरच्या टाकींत हें वाढलेलें पाणी पावणेचारशे मिलिलिटर भरतें. थंड पाण्याच्या नळावर मागें न जाऊं देणारी झडप असल्यामुळें तें मागें जाऊं शकत नाहीं. म्हणून सुरक्षा-झडपेंतून थेंबथेंब बाहेर पडतें. पाणी तापत असतांनाचें हें ठिबकणें रोग नसून आरोग्याचें लक्षण आहे. रात्रंदिवस ठिबकत असेल तर मात्र झडपेंत कचरा अडकला आहे किंवा नळाचा दाब अधिक आहे, असें समजून ती दुरुस्त करावी अगर बदलावी.

आमच्या पाहण्यांत असें आलें आहे कीं, ह्या ठिबकण्यानें भिंत ओली होते म्हणून कित्येक जण झडपेच्या तोंडास बूच मारून घेतात. एका गांवीं एका सुखवस्तु घरीं मिस्त्रीनें अशी “दुरुस्ती” करून दिली होती, आणि यजमान ती आम्हांस कौतुकानें दाखवीत होते. आम्हीं त्यांस इतकेंच विचारलें कीं, स्वयंपाकघरांतील कुकरची शिट्टी लाखेनें बंद करून तुम्ही त्याखालीं जाळ लावाल काय? त्यांनीं त्याच दिवशीं बूच काढविलें.

हें भय काल्पनिक नव्हे. थर्मोस्टॅट बिघडून वीज तुटली नाहीं, व त्याच्या मागचा दुसरा तोडकाही चालला नाहीं, तर शेवटचा राखणदार ही झडपच होय. उघड्या भांड्यांतील पाणी १०० अंशांस उकळतें व तेथेंच थांबतें. परंतु बंद टाकींत दाब वाढला म्हणजे उकळण्याचा अंशही वाढतो. दहा मीटर उंचीच्या टाकीचा, म्हणजे चौरस सेंटिमीटरास एक किलोचा, दाब असला तर पाणी सुमारें १२० अंशांपर्यंत न उकळतां तापतें. अशा स्थितींत टाकी फाटली तर दाब एकदम जाऊन पाण्याचा कांहीं भाग क्षणांत वाफ होतो. आणि एक लिटर पाण्याची वाफ सोळाशें लिटरांहून अधिक जागा व्यापते. भिंत पाडण्यास हें पुरेसें आहे. फ्रेंच पंडित देनी पापँ यानें सन १६७९ मध्यें वाफेवर अन्न शिजविण्याचें बंद भांडें केलें, तेव्हांच त्यास सुरक्षा-झडपही लाविली. बंद भांडें व झडप हीं जुळीं भावंडें आहेत. एकास मारून दुसरें घरांत ठेवूं नये.

महिन्यांतून एकदां बाजूस उभें राहून झडपेची दांडी उचलावी. पाणी जोरानें आलें व दांडी सोडतांच थांबलें तर झडप जिवंत आहे. पाणी न आल्यास वीज बंद करून नवी झडप बसविल्याखेरीज गीझर लावूं नये. झडपेच्या तोंडास लहान नळी जोडून ती उतारानें मोरींत सोडावी. तिचें टोंक नेहमीं उघडें असावें व तीस तोटी लावूं नये.

उष्णतेचा कांटा ६० अंशांवर ठेवणें चांगलें. त्याहून अधिक ठेवल्यास चुना लवकर धरतो व वीज वायां जाते. फार कमी, म्हणजे ४० अंशांच्या आसपास ठेवून पाणी दिवसेंदिवस सांठविल्यास त्यांत फुप्फुसाचा रोग आणणारे जंतु वाढूं शकतात; सन १९७६ मध्यें अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथें माजी सैनिकांच्या मेळाव्यांत जी सांथ उद्भवली ती अशाच पाण्यांत वाढणाऱ्या जंतूंची होती. परंतु ६० अंशांचें पाणी अंगावर पडल्यास कांहीं सेकंदांत कातडी भाजतें. म्हणून बादलींत आधीं थंड व मग ऊन पाणी घ्यावें, आणि मुलांस तोटीशीं एकटें सोडूं नये.

विजेचा बंदोबस्त

२००० वॅटच्या गीझरांतून सुमारें ८.७ अँपियर वीज वाहते. तीस ६ अँपियरचा लहान प्लग पुरत नाहीं. १६ अँपियरचा प्लग व जाड तार पाहिजे. अर्थिंग नाममात्र नसावें. आपल्याकडे अर्थिंगचा खड्डा एकदां केला म्हणजे त्याचा विसर पडतो, आणि उन्हाळ्यांत तो कोरडा ठणठणीत होतो. मोटारीच्या अर्थिंगप्रमाणें ह्यासही उन्हाळ्यांत पाणी घालावें व वर्षास एकदां जाणत्या वायरमनकडून मोजून घ्यावें. याखेरीज ३० मिलिअँपियरच्या गळतीस वीज तोडणारा खटका बसवावा, व त्यावरील चांचणीचें बटन महिन्यांतून एकदां दाबून पाहावें. आंघोळीस जाण्यापूर्वीं गीझर बंद करण्याचा नियम लहानथोर सर्वांस लावावा, आणि बटन न्हाणीघराच्या बाहेर असावें.

गॅस व सूर्य

गॅसचें यंत्र घेणारांनीं एकच गोष्ट मनांत धरावी. गॅस जळण्यास हवा लागते. ती अपुरी पडली म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु निपजतो. त्यास वास नाहीं, रंग नाहीं, आणि रक्ताशीं तो प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक घट्ट चिकटतो. दार-खिडकी बंद केलेल्या न्हाणीघरांत आंघोळ करणारा माणूस हांक मारण्यापूर्वींच बेशुद्ध पडतो. म्हणून हें यंत्र न्हाणीघराच्या बाहेर मोकळ्या हवेंतच बसवावें. ज्योत निळी असावी. पिवळी होऊन काजळी धरूं लागली तर यंत्र बंद ठेवून साफ करवावें. निगा कितीही केली तरी बंद खोलींतील गॅस-गीझर निर्धोक होत नाहीं, हें विसरूं नये.

सौरयंत्राची निगा सोपी आहे. कांचेवरील धूळ सकाळीं ऊन चढण्यापूर्वीं धुवावी. तापलेल्या कांचेवर गार पाणी टाकल्यास ती तडकते. टाकीवरील हवेची नळी मोकळी असल्याचें पाहावें. तींत पांखरें किंवा गांधिलमाशा घर करतात. जड पाण्याच्या गांवीं नळ्यांची टाकी वर्षांतून एकदां धुवावी. नवीन घेतांना उष्णता दुसऱ्या पाण्याच्या द्वारें देणारी रचना मिळत असल्यास तीस प्राधान्य द्यावें, कारण तींत जड पाणी तापणाऱ्या नळ्यांत जातच नाहीं.

पाहणीपत्रक

आमची हयात महसुलाच्या दप्तरांत गेली. त्या दप्तरानें आम्हांस शिकविलें तें असें कीं, जी गोष्ट लिहून ठेविली नाहीं ती केली नाहीं असेंच पुढें ठरतें. शेतांत उभें असलेलें पीक साताबाराच्या उताऱ्यावर चढेपर्यंत कागदोपत्रीं पिकच नसतें. सन २०२१ मध्यें ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली, तेव्हां आपल्या पिकाची नोंद स्वतः मोबाइलवर करण्याचें काम शेतकऱ्याच्या हातीं आलें. तीच संवय घरांतील यंत्रास लावावी. एक कागद घेऊन त्यावर पुढील रकाने पाडावे व तो न्हाणीघराबाहेर कोरड्या जागीं डकवावा.

१. गीझर बसविल्याची तारीख व पाण्याचा जडपणा.
२. झडपेची दांडी उचलून पाहिल्याची तारीख (दरमहा).
३. गळती-खटक्याचें बटन दाबल्याची तारीख (दरमहा).
४. टाकी धुतल्याची तारीख, व पहिल्या बादलींत काय बसलें (वर्षांतून दोनदां).
५. कॉइल व दांडा पाहिल्याची तारीख, दांडा किती उरला (वर्षांतून एकदां).
६. अर्थिंग मोजल्याची तारीख व आलेला आंकडा.
७. काम करणाऱ्या मिस्त्रीचें नांव, व त्यानें काय बदललें.

दोन धुण्यांसाठीं निराळा मुहूर्त शोधावयास नको. खंडेनवमीस आपण नांगर, विळे, कोयते, पंप व ट्रॅक्टर धुऊन पुसून पुजतों. तेव्हां थंडी तोंडावर आलेली असते व गीझराचें काम वाढणार असतें. त्या दिवशीं हें यंत्रही अवजारांच्या यादींत घालावें. मात्र हळदकुंकू वाहण्यापूर्वीं त्याची टाकी धुवावी व झडप पाहावी. दुसरी वेळ पाडव्याच्या सुमाराची. उन्हाळ्यांत गीझर बंद राहावयाचा असल्यास टाकी धुऊन वीज तोडून ठेवावी.

इतक्यानें यंत्र अजरामर होईल असें आम्ही म्हणत नाहीं. झिजणारी वस्तु झिजेलच. परंतु ती कोठें व किती झिजली हें धन्यास ठाऊक असेल, आणि पहांटे न्हाणीघरांत शिरणारें घरचें माणूस सुखरूप बाहेर येईल. महिन्यांतून पांच मिनिटें व वर्षांतून दोन सकाळ एवढें मोल त्यासाठीं फार नाहीं.